लोकानुनयवाद आणि परराष्ट्र धोरण

लोकानुनयवाद म्हणजे समाजाची 'सामान्य जनता' आणि 'प्रस्थापित अभिजन' अशा दोन परस्परविरोधी गटांत मांडणी करणारी आणि जनतेचे खरे प्रतिनिधित्व केवळ आपणच करतो असा दावा करणारी राजकीय भूमिका होय. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून अनेक देशांत अशा भूमिकेचे नेते व पक्ष सत्तेवर आले. त्यानंतर देशांतर्गत राजकारणाबरोबरच परराष्ट्र धोरणावर या भूमिकेचा कोणता परिणाम होतो, हा राज्यशास्त्रातील एक महत्त्वाचा अभ्यासविषय बनला.

परराष्ट्र धोरणात युद्ध, तह आणि शिखर परिषदांबरोबरच आयात शुल्क, निर्यातबंदी आणि व्यापार करार यांचाही समावेश होतो. महाराष्ट्रातील वाशिम जिल्ह्यासारख्या कोरडवाहू शेतीच्या प्रदेशात परराष्ट्र धोरणाचा प्रत्यय मुख्यतः सोयाबीन, तूर आणि कापूस यांच्या बाजारभावातून येतो. त्यामुळे जनतेच्या नावाने घेतलेला निर्णय जनतेतील नेमक्या कोणत्या घटकाला लाभ देतो आणि कोणाला तोशीस लावतो, हे पाहण्यासाठी हा जिल्हा एक बोलके उदाहरण आहे.

संज्ञा व व्याख्या

मराठीत या संकल्पनेसाठी लोकानुनयवाद, जनानुनयवाद, लोकरंजनवाद, लोकप्रियतावाद असे अनेक शब्द वापरले जातात. वृत्तपत्रीय भाषेत 'लोकानुनयी निर्णय' म्हणजे निवडणुकीवर डोळा ठेवून दिलेली सवलत, एवढाच मर्यादित अर्थ अनेकदा घेतला जातो. राज्यशास्त्रात मात्र या संज्ञेचा अर्थ अधिक व्यापक आहे.

डच अभ्यासक कास मुड यांनी २००४ मध्ये लोकानुनयवादाला 'विरळ विचारसरणी' असे संबोधले. त्यांच्या मते या विचारसरणीला स्वतःचा संपूर्ण कार्यक्रम नसतो. ती राष्ट्रवाद, समाजवाद किंवा अन्य एखाद्या विचारसरणीला जोडून घेते. त्यामुळे लोकानुनयवाद डावाही असू शकतो आणि उजवाही. जर्मन विचारवंत यान-वेर्नर म्युलर यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अनेकत्वाचा नकार हे त्याचे प्रमुख लक्षण मानले आहे. आपण अभिजनांवर टीका करतो एवढ्याने कोणी लोकानुनयी ठरत नाही. 'आम्ही आणि आम्हीच जनता' असा दावा केल्यावर तो लोकानुनयी ठरतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अर्जेंटिनाचे विचारवंत अर्नेस्तो लाक्लाऊ यांनी मात्र विखुरलेल्या मागण्यांना एकत्र आणून 'जनता' घडवण्याची प्रक्रिया म्हणून त्याकडे अधिक सहानुभूतीने पाहिले.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

लोकानुनयवादाचा शेतीच्या प्रश्नाशी असलेला संबंध त्याच्या उगमापासूनचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियातील नारोदनिक चळवळीने शेतकरी समाजाला परिवर्तनाचा आधार मानले. अमेरिकेत १८९२ मध्ये ओमाहा येथे 'पीपल्स पार्टी' या पक्षाचा जाहीरनामा स्वीकारण्यात आला. कापूस व गव्हाचे घसरते भाव, रेल्वे कंपन्यांचे वाहतूक दर आणि कर्जाचा भार यांनी त्रस्त झालेले शेतकरी हा या पक्षाचा मुख्य आधार होता. त्याच वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत पक्षाचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना १० लाखांहून अधिक मते मिळाली. इंग्रजीतील 'पॉप्युलिस्ट' हा शब्द या पक्षाच्या अनुयायांना उद्देशून रूढ झाला.

विसाव्या शतकात लॅटिन अमेरिकेत अर्जेंटिनाचे हुआन पेरॉन आणि पुढे व्हेनेझुएलाचे ह्युगो चावेझ यांच्या राजवटी या प्रकारात गणल्या जातात. चावेझ यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या 'पेट्रोकॅरिब' योजनेतून कॅरिबियन देशांना सवलतीच्या अटींवर खनिज तेल पुरवले व त्याद्वारे अमेरिकाविरोधी गट उभारण्याचा प्रयत्न केला. युरोपात हंगेरीचे व्हिक्टर ऑर्बान २०१० मध्ये पुन्हा सत्तेवर आले. जून २०१६ मध्ये ब्रिटनमधील सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डॉनल्ड ट्रम्प अमेरिकेच्या अध्यक्षपदी निवडून आले.

परराष्ट्र धोरणावर परिणाम होण्याचे मार्ग

अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पटनम यांनी १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय वाटाघाटींचे वर्णन 'दोन पातळ्यांवरील डाव' असे केले. वाटाघाटी करणारा नेता एका पटावर परदेशी सरकारांशी आणि दुसऱ्या पटावर स्वदेशातील हितसंबंधी गटांशी एकाच वेळी खेळत असतो. हा दुसरा पट प्रत्येक लोकशाहीत असतोच. लोकानुनयी राजकारणात मात्र त्याचे महत्त्व वाढते. अभ्यासकांनी या परिणामाचे पुढील मार्ग नोंदवले आहेत.

व्यक्तिकेंद्रितता: परराष्ट्र खाते, राजनैतिक अधिकारी आणि तज्ज्ञ यांना 'अभिजन' मानल्यामुळे निर्णयप्रक्रिया नेत्याभोवती केंद्रित होते. समाजमाध्यमांवरून घोषणा करणे आणि नेत्यांच्या वैयक्तिक मैत्रीवर भर देणे ही त्याची लक्षणे होत.

बहुपक्षीय संस्थांविषयी अविश्वास: आंतरराष्ट्रीय करार हे जनतेच्या सार्वभौमत्वावरील बंधन म्हणून मांडले जातात. ट्रम्प यांनी जानेवारी २०१७ मध्ये 'ट्रान्स-पॅसिफिक भागीदारी' करारातून माघार घेतली आणि त्याच वर्षी जूनमध्ये पॅरिस हवामान करार सोडण्याची घोषणा केली.

व्यापाराचे राजकीयीकरण: आयात शुल्क हे महसुलाचे वा संरक्षणाचे साधन न राहता परदेशाला शिक्षा करण्याचे वा देशातील मतदारांना दिलासा देण्याचे साधन बनते.

सांड्रा डेस्ट्राडी आणि योहान्नेस प्लागेमान या अभ्यासकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात भारतासह ग्लोबल साउथमधील लोकानुनयी सरकारांचा तौलनिक विचार केला आहे. अशी सरकारे आल्यावर निर्णयप्रक्रिया अधिक केंद्रित व व्यक्तिनिष्ठ होते. मात्र ती आंतरराष्ट्रीय सहकार्य सोडून देतातच असे नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. भारतातील विद्यमान केंद्र सरकारला लोकानुनयी म्हणावे काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. सवलती आणि हमीभावाच्या आश्वासनांची स्पर्धा सर्वच प्रमुख पक्षांत दिसते, याकडेही अनेक जण लक्ष वेधतात.

भारतातील शेतमाल व्यापार

शेतमालाच्या व्यापारासंबंधी भारतीय धोरणावर दोन परस्परविरोधी दबाव असतात. उत्पादकाला चढा भाव हवा असतो, तर ग्राहकाला स्वस्त अन्न हवे असते. 'जनता' या एकाच शब्दात हे दोघेही सामावतात.

उत्पादकांच्या बाजूने झालेल्या निर्णयाचे ठळक उदाहरण म्हणजे प्रादेशिक व्यापक आर्थिक भागीदारी करार. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉक येथे भारताने या करारात सहभागी न होण्याचा निर्णय जाहीर केला. त्यापूर्वी शेतकरी संघटना, दुग्धव्यवसाय क्षेत्र आणि स्वदेशी जागरण मंच यांनी कराराला तीव्र विरोध केला होता. ७ ऑगस्ट २०२५ रोजी नवी दिल्ली येथे एम. एस. स्वामिनाथन जन्मशताब्दी परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमार यांच्या हिताशी तडजोड केली जाणार नाही, असे जाहीर केले. अमेरिकेने भारतीय मालावर अतिरिक्त शुल्क जाहीर केल्याच्या दुसऱ्याच दिवशी हे भाषण झाले.

ग्राहकांच्या बाजूने झालेल्या निर्णयांचे उदाहरण म्हणजे कांद्याची निर्यातबंदी. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३ अशी तीन वेळा ही बंदी घालण्यात आली. तिचा आर्थिक भार नाशिक, अहिल्यानगर, पुणे आदी जिल्ह्यांतील उत्पादकांवर पडला आणि राजनैतिक परिणाम बांगलादेशासारख्या आयातदार देशाशी असलेल्या संबंधांवर झाला. ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीतील कार्यक्रमात, कांदा बंद झाल्याने आपण स्वयंपाक्याला कांद्याविना जेवण करण्यास सांगितले आहे, असे विनोदाने सांगून पूर्वसूचना न मिळाल्याबद्दल नापसंती व्यक्त केली. २०२३-२४ मधील बंदीच्या काळात बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, मॉरिशस आदी देशांना सरकारी परवानगीने ठरावीक प्रमाणात कांदा देण्यात आला. अशा रीतीने शेतकऱ्यास बंद असलेला बाजार राजनैतिक सौहार्दासाठी मात्र अंशतः खुला राहिला.

शेतकरी चळवळ आणि जागतिक व्यापार

लोकानुनयी मांडणी नेहमी संरक्षणवादाकडेच नेते असे नाही, हे महाराष्ट्रातील शेतकरी चळवळीच्या इतिहासावरून दिसते. शरद जोशी (१९३५–२०१५) यांनी स्वित्झर्लंडमधील आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेची नोकरी सोडून चाकणजवळ शेती सुरू केली आणि पुढे शेतकरी संघटनेची स्थापना केली. 'भारत' विरुद्ध 'इंडिया' ही त्यांची मांडणी काही अभ्यासकांनी कृषक लोकवादाचा नमुना मानली आहे. सूट-सबसिडीपेक्षा रास्त भाव मागणारी ही चळवळ आर्थिक स्वरूपाची होती, असे संघटनेचे समर्थक म्हणतात.

१९९१ मध्ये जागतिक व्यापाराविषयीचा डंकेल मसुदा पुढे आला, तेव्हा या चळवळीतील मतभेद स्पष्ट झाले. जोशी यांनी मसुद्याचे स्वागत केले. भारत सरकार निर्यातीवरील निर्बंधांद्वारे शेतमालाचे भाव पाडते, म्हणजेच शेतकऱ्याला 'उणे सबसिडी' देते. खुल्या व्यापाराने हे बंधन सुटेल, अशी त्यांची भूमिका होती. कर्नाटक राज्य रयत संघाचे नेते एम. डी. नंजुंडस्वामी यांनी मात्र त्याच मसुद्याला बहुराष्ट्रीय कंपन्यांचे आक्रमण मानून विरोध केला. दोघेही शेतकऱ्यांच्याच नावाने बोलत होते, परंतु जगाविषयीचे त्यांचे धोरण परस्परविरोधी होते.

वाशिम जिल्ह्यातील परिणाम

पार्श्वभूमी

वाशिम हा विदर्भाच्या पश्चिम भागातील जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख आहे. मोठे उद्योग नसल्याने बहुसंख्य कुटुंबांची उपजीविका शेतीवर अवलंबून असून सोयाबीन हे खरिपातील प्रमुख पीक आहे. तुरीचे आंतरपीक सर्वत्र घेतले जाते. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशिमचा समावेश आहे.

जागतिक घडामोडींशी या भागाचा संबंध जुना आहे. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–१८६५) अमेरिकेचा कापूस बंद झाल्याने इंग्लंडमधील गिरण्यांकडून वऱ्हाडच्या कापसाला मोठी मागणी आली. युद्ध संपताच भाव कोसळले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मूर्तिजापूर–यवतमाळ हा 'शकुंतला' नावाने ओळखला जाणारा अरुंद रेल्वेमार्ग कारंजामार्गे कापूस वाहून नेण्यासाठी बांधला गेला. या भागातील शेतकऱ्याचा भाव दूरच्या देशांतील घटनांनी ठरणे ही त्यामुळे नवी गोष्ट नाही.

सोयाबीन आणि खाद्यतेल

सोयाबीनच्या दाण्यापासून सुमारे १८ टक्के तेल मिळते. उरलेला मोठा भाग पेंड म्हणून पशुखाद्यात जातो. त्यामुळे सोयाबीनचा भाव खाद्यतेल आणि पेंड या दोन्हींच्या आयात-निर्यात धोरणाशी बांधलेला असतो. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. पामतेल मुख्यतः इंडोनेशिया व मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना व ब्राझीलमधून, तर सूर्यफूल तेल रशिया व युक्रेनमधून येते.

सप्टेंबर २०१९ मध्ये मलेशियाचे तत्कालीन पंतप्रधान महाथीर मोहम्मद यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत काश्मीरविषयी भारतावर टीका केली. त्याची भारतात तीव्र प्रतिक्रिया उमटली. पुढील महिन्यात खाद्यतेल उद्योगाच्या संघटनेने आपल्या सदस्यांना मलेशियन पामतेल टाळण्याचा सल्ला दिला. जानेवारी २०२० मध्ये सरकारने शुद्ध केलेल्या पामतेलाची आयात 'प्रतिबंधित' श्रेणीत टाकली. अधिसूचनेत कोणत्याही देशाचे नाव नव्हते. तथापि तो मलेशियाला दिलेला इशारा असल्याचे सर्वत्र मानले गेले. पुढे तेलाचे भाव भडकल्यावर जून २०२१ अखेरीस हाच निर्बंध शिथिल करण्यात आला. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने आपल्या देशातील ग्राहकांचा रोष शमवण्यासाठी पामतेलाची निर्यात सुमारे तीन आठवडे थांबवली, तेव्हा भारत स्वतः अशा धोरणाचा भोगी ठरला.

ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनचा भाव अनेक बाजार समित्यांत क्विंटलमागे १० हजार रुपयांच्या आसपास पोहोचला होता. पेंड महागल्याने कुक्कुटपालन उद्योगाने आयातीची मागणी केली. केंद्र सरकारने जनुकीय सुधारित सोयाबीनपासून बनलेली १२ लाख टन पेंड आयात करण्यास मुभा दिली. नवे पीक बाजारात येण्याच्या तोंडावर भाव वेगाने उतरले. देशात जनुकीय सुधारित सोयाबीन पेरण्यास परवानगी नसताना त्याची पेंड मात्र आयात कशी होते, असा प्रश्न शेतकरी संघटनांनी तेव्हा उपस्थित केला.

२०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, परंतु बाजारभाव त्याखाली राहिला. महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक जवळ आली असताना, १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या पामतेल, सोयाबीन व सूर्यफूल तेलावरील एकूण आयात शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के करण्यात आले. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी वाशिम येथील कार्यक्रमात प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचा अठरावा हप्ता वितरित केला. प्रचारात महाविकास आघाडीने सोयाबीनला ७,००० रुपये, तर भारतीय जनता पक्षाने ६,००० रुपये भावाचे आश्वासन दिले. सरकारी खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्क्यांवरून १५ टक्के करण्याचा निर्णयही मतदानापूर्वी काही दिवस घेण्यात आला. पुढे खाद्यतेल महागल्यामुळे मे २०२५ अखेरीस कच्च्या तेलावरील एकूण शुल्क १६.५ टक्क्यांवर आणण्यात आले. त्यानंतर काही आठवड्यांतच जिल्ह्यात खरिपाच्या पेरणीचा हंगाम सुरू होतो. म्हणजे पीकनिवड ठरण्याच्या वेळीच भावाची अपेक्षा बदलली.

तूर

डाळींचे भाव भडकल्यावर भारताने जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी तूर आयातीचा दीर्घकालीन सामंजस्य करार केला. २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवण्यात आली आणि मलावी व म्यानमार या देशांशीही तशीच व्यवस्था करण्यात आली. हे करार आफ्रिकेशी व शेजारी देशाशी मैत्री दृढ करणारे, तसेच शहरी ग्राहकाला दिलासा देणारे होते. मे २०२१ पासून तुरीची आयात निर्बंधमुक्त करण्यात आली आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवण्यात आली. २०२५ च्या हंगामात तुरीचे भाव ७,५५० रुपयांच्या हमीभावाखाली गेले, तेव्हा विदर्भ व मराठवाड्यातील उत्पादकांनी या आयातीस जबाबदार धरले. आयात एकाएकी थांबवल्यास केवळ भारतीय बाजारासाठी तूर पिकवणारा मोझांबिकमधील अल्पभूधारक अडचणीत येतो, ही या प्रश्नाची दुसरी बाजू होय.

कापूस

परदेशातील लोकानुनयवादाचे पडसाद जिल्ह्यात कसे उमटतात, हे कापसाच्या उदाहरणातून दिसते. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावरील अतिरिक्त शुल्क ५० टक्क्यांवर नेले. त्याचा मोठा फटका वस्त्रोद्योगाला बसणार होता. या उद्योगाला स्वस्त कच्चा माल मिळावा म्हणून केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केले. ही सवलत प्रथम सप्टेंबर अखेरपर्यंत होती. नंतर ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवण्यात आली. नेमक्या याच काळात विदर्भात नवा कापूस बाजारात येतो. परिणामी अमेरिकेने घेतलेल्या निर्णयाचा भार अंशतः कारंजा-मानोरा भागातील कापूस उत्पादकाकडे सरकला. लांब धाग्याच्या कापसाला त्या हंगामात ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला असल्याने सरकारी खरेदी केंद्रांवरील अवलंबन वाढले.

तुलना: अमेरिकेतील सोयाबीन उत्पादक

जुलै २०१८ मध्ये ट्रम्प प्रशासनाने चिनी मालावर शुल्क लावल्यानंतर चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के प्रतिशुल्क आकारले. चीनची खरेदी ब्राझीलकडे वळली आणि अमेरिकेतील भाव घसरले. प्रशासनाने शेतकऱ्यांसाठी १२ अब्ज डॉलरपर्यंतचे साहाय्य जाहीर केले आणि पुढील वर्षी आणखी १६ अब्ज डॉलरची भर घातली. ज्या ग्रामीण मतदारांच्या नावाने व्यापारयुद्ध पुकारले गेले, त्यांनाच त्याची झळ बसली. मात्र त्यांना थेट भरपाई मिळाली. वाशिमच्या सोयाबीन उत्पादकाला धोरणबदलामुळे झालेल्या घसरणीची अशी स्वतंत्र भरपाई मिळण्याची व्यवस्था नाही. हमीभावाने होणारी खरेदी आणि सन्मान निधीसारखे सर्वांना समान हप्ते हेच त्याचे आधार होत.

मूल्यमापन

व्यापारविषयक निर्णय लोकभावनेनुसार घेणे हे लोकशाहीशी विसंगत नाही, असे लोकानुनयी धोरणाचे समर्थक मानतात. तज्ज्ञांनी बंद दाराआड केलेल्या करारांत शेतकऱ्याचा आवाज नसतो आणि लोकदबावामुळेच तो वाटाघाटींपर्यंत पोहोचतो, असे त्यांचे म्हणणे आहे. प्रादेशिक व्यापक आर्थिक भागीदारीतून घेतलेली माघार हे त्याचे उदाहरण म्हणून दिले जाते.

टीकाकारांचा मुख्य आक्षेप अनिश्चिततेवर आहे. सोयाबीनची पेरणी जूनमध्ये होते आणि पीक ऑक्टोबरमध्ये हाती येते. या चार महिन्यांत शुल्क वा आयातीचे नियम बदलल्यास शेतकऱ्याला पीक बदलता येत नाही. व्यापारी साठा रोखू शकतो आणि आयातदार देश बदलू शकतो. कोरडवाहू शेतकऱ्याकडे असा पर्याय क्वचितच असतो. परदेशी ग्राहकाच्या दृष्टीनेही वारंवार बंदी घालणारा देश बेभरवशाचा पुरवठादार ठरतो.

'जनता' एकसंध आहे, या लोकानुनयवादाच्या गृहीतकाचीही येथे कसोटी लागते. जिल्ह्यातील शेतकरी कुटुंब सोयाबीन विकते आणि खाद्यतेल विकत घेते. आयात शुल्क वाढले तर विक्रेता म्हणून त्याचा लाभ होतो व ग्राहक म्हणून तोटा; शुल्क घटले तर याउलट घडते. शेतमजुराकडे विकण्यास सोयाबीन नसते, पण तेल त्यालाही घ्यावे लागते. एकाच गावात, किंबहुना एकाच घरात, 'जनतेचे हित' दोन विरुद्ध दिशांना असू शकते. म्हणून अशा धोरणाचा अभ्यास करताना ते कोणाच्या नावाने घेतले गेले यापेक्षा त्याचा लाभ व भार कोणाकडे गेला, आणि हंगामाच्या कोणत्या टप्प्यावर गेला, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

हे सुद्धा पहा

वाशिम जिल्हा
शेतकरी संघटना
शरद जोशी
किमान आधारभूत किंमत
जागतिक व्यापार संघटना
ब्रेक्झिट